हवेतील विषाचे मोजमाप : शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेची वाटचाल

मुंबईत शीव येथे मांकीकर मार्गावर केंद्रीय श्रम संस्थेची जी वास्तू उभी आहे, तीत संस्थेचे कामकाज फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी १९५९ पासूनच संस्था मुंबईत कार्य करू लागली होती. साठ वर्षांच्या या वास्तव्याचा आढावा घेताना औद्योगिक सुरक्षा, औद्योगिक वैद्यक, शरीरक्रियाविज्ञान, मानसशास्त्र, उत्पादकता, प्रशिक्षण इत्यादी सर्व विभागांचा परामर्श एकाच लेखात घेऊ गेल्यास नुसती जंत्री तयार होईल आणि ज्या कार्यामुळे ही संस्था इतर शासकीय कार्यालयांहून वेगळी ठरली ते कार्यच तीत झाकून जाईल, असे वाटल्यावरून या स्मरणिकेतील प्रस्तुत लेखात तिच्या इतिहासाचा एकच धागा हाती घेतला आहे. कामगार ज्या हवेत दिवसाचे आठ तास श्वास घेतो, त्या हवेत शिसे, क्रोमियम, बेंझीन किंवा सिलिकाची सूक्ष्म धूळ किती आहे हे मोजण्याची विद्या आपल्या देशात कशी रुजली, त्या मोजमापाला कायद्यात स्थान कसे मिळाले, आणि या दोन्ही गोष्टी घडून येण्यात या संस्थेचा वाटा कोणता, हा तो धागा होय. संस्थेला कारखानदारावर खटला भरण्याचा अधिकार नाही, कारखाना बंद करण्याचे फर्मान ती काढू शकत नाही. तिचे सारे बळ तिने घेतलेल्या नमुन्याच्या अचूकपणात आणि त्यावरून दिलेल्या सल्ल्याच्या निर्भीडपणात आहे, आणि साठ वर्षांच्या अनुभवाने हे बळ सामान्य ठरलेले नाही.

पूर्वपीठिका

हिंदुस्थानातील कारखानेविषयक कायद्याचा जन्म मुंबईच्या गिरण्यांच्या आसमंतात झाला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या लोकहितदक्ष गृहस्थांनी येथे केलेली खटपट आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी आपल्या स्वार्थासाठी का होईना पण विलायतेत उठविलेली ओरड, या दोहोंच्या परिणामी १८८१ चा पहिला कायदा अस्तित्वात आला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेण्यास मनाई, एवढीच त्याची मुख्य मजल होती. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून, सरकारदरबारी अर्ज धाडून आणि १८९० च्या फॅक्टरी कमिशनपर्यंत कामगारांची कैफियत पोहोचवून आठवड्याच्या सुटीचा प्रश्न तडीस नेला. या साऱ्या सुधारणा मोलाच्या होत्या यात संदेह नाही. परंतु त्यांतील प्रत्येक गोष्टीची रुजुवात करण्यास निरीक्षकाला विशेष विद्येची गरज नव्हती. मुलाचे वय दाखल्यावरून, कामाचे तास घड्याळावरून आणि सुटीचा वार दिनदर्शिकेवरून ठरविता येत होता. कामगाराच्या नाकातोंडावाटे रोज थोडे थोडे आत जाणारे आणि दहा-वीस वर्षांनी रोगाच्या रूपाने प्रकट होणारे विष मात्र या साधनांनी मोजता येण्याजोगे नव्हते, आणि म्हणूनच दीर्घकाळ ते कायद्याच्या नजरेबाहेर राहिले.

रसायनांच्या बाबतीत पहिले पाऊल पडले ते सरळ बंदीच्या रूपाने. काड्यापेट्यांच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांच्या जबड्याचे हाड कुजते हे युरोपात सिद्ध झाल्यावर बर्न येथे १९०६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यास अनुसरून १९१३ साली हिंदुस्थानातही पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांस मनाई करणारा कायदा झाला. दुसरे पाऊल पडले ते नुकसानभरपाईच्या रूपाने : १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा आणि अँथ्रॅक्स या रोगांना व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. पण फॉस्फरससारखे प्रत्येक द्रव्य हद्दपार करता येत नाही, कारण शिशावाचून बॅटरी होत नाही आणि क्रोमिक आम्लावाचून क्रोमचा मुलामा चढत नाही. आणि नुकसानभरपाई तर रोग झाल्यावर, बहुधा कामगार कामातून गेल्यावर, हाती पडावयाची. बंदी आणि भरपाई या दोन टोकांच्या मध्ये रोजच्या संपर्काचे जे विस्तीर्ण क्षेत्र पसरलेले होते, त्यात शिरावयाचे तर ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी संस्था हवी होती, आणि ती अद्याप जन्माला यावयाची होती.

सल्लागार कार्यालय आणि १९४८ चा कायदा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४५ साली, कारखानाविषयक प्रमुख सल्लागाराचे कार्यालय मजूर खात्यात स्थापन झाले, आणि हेच कार्यालय पुढे विस्तार पावून कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महानिदेशालय या नावाने प्रसिद्धीस आले. युद्धकाळात कारखान्यांची आणि कामगारांची संख्या झपाट्याने वाढलेली, प्रत्येक प्रांताचे निरीक्षण खाते वेगवेगळ्या वकुबाचे, आणि कायदा मात्र सर्वांना एकच, अशा परिस्थितीत प्रांतांना तांत्रिक सल्ला देणारी, नमुना-नियम तयार करणारी आणि निरीक्षकांना शिक्षण देणारी मध्यवर्ती यंत्रणा असावी, हा त्यामागील विचार होता. ब्रिटनमधील कारखाना-निरीक्षणाचा दीर्घ अनुभव गाठीशी असलेले सर विल्फ्रिड गॅरेट हे आरंभीच्या काळातील प्रमुख सल्लागार. आणि पुढे ज्यांनी हे पद भूषविले त्या एन. एस. मांकीकर यांचे नाव आज संस्थेसमोरील रस्त्यास दिलेले आहे. अभ्रकाच्या खाणींतील सिलिकोसिस, डायक्रोमेट तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचे आरोग्य अशा विषयांवर या कार्यालयाने जे अहवाल प्रसिद्ध केले, त्यांतून व्यवसायजन्य रोग हा पाश्चात्त्य ग्रंथांतला विषय नसून आपल्याच कारखान्यांतील वस्तुस्थिती आहे, ही गोष्ट सरकारी दप्तरात अधिकृतपणे नमूद झाली.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर १९४८ चा कारखाने अधिनियम झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. त्याच्या १४ व्या कलमाने धूळ व धूर यांच्या निवारणाची, ३६ व्या कलमाने विषारी वायू साठलेल्या टाक्या, खड्डे, नळ यांत माणूस उतरविण्यापूर्वी घ्यावयाच्या दक्षतेची, ८७ व्या कलमाने धोकादायक प्रक्रियांसाठी राज्य सरकारने करावयाच्या खास नियमांची, आणि ८९ व्या कलमाने विशिष्ट रोगांची इत्तला देण्याची तरतूद केली. कायदा अतिशय विचारपूर्वक रचलेला होता. परंतु १४ व्या कलमाची भाषा पाहिली तर अपायकारक ठरण्याचा संभव असलेली धूळ, असे त्यात म्हटले होते, आणि ती किती असली म्हणजे अपायकारक ठरते, याचे उत्तर त्यात नव्हते. निरीक्षक म्हणे की हवा धुरकट आहे, भोगवटादार, म्हणजे कारखान्याचा चालक, म्हणे की एवढे चालावयाचेच, आणि न्यायाधीशापुढे दोन मतांपैकी एक निवडण्यापलीकडे मार्ग नसे. कायद्याच्या शब्दाला आकड्याची जोड देणे हे काम त्यामुळे प्रयोगशाळेकडे आले, आणि केंद्रीय श्रम संस्थेच्या स्थापनेची खरी निकड येथेच होती.

संस्थेची उभारणी

मजूर हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने कायदा संसदेने करावयाचा आणि त्याची अंमलबजावणी राज्यांच्या कारखाना-निरीक्षण खात्यांनी करावयाची, अशी आपल्याकडील व्यवस्था आहे. केंद्रीय श्रम संस्था या व्यवस्थेत कोणाच्याही वरिष्ठ स्थानी नाही. राज्याचा मुख्य निरीक्षक, कारखान्याचा चालक किंवा कामगारांची संघटना यांपैकी कोणीही विचारणा केली असता तिने तपासणी करावी, निष्कर्ष सांगावेत आणि उपाय सुचवावेत, हे तिचे काम. मुंबईच्या पाठोपाठ कलकत्ता, मद्रास आणि कानपूर येथे प्रादेशिक श्रम संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढे फरीदाबाद व शिलाँग येथेही. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे कार्यालयही अनेक वर्षे याच वास्तूत होते; दरवर्षी ४ मार्चला साजरा होणारा राष्ट्रीय सुरक्षा दिन हा त्याच स्थापनेचा वर्धापनदिन होय.

संस्थेसाठी मुंबईची निवड झाली हेही सयुक्तिकच होते. दक्षिणेस गिरणगाव, पूर्वेस चेंबूर-तुर्भे परिसरातील तेलशुद्धीकरण कारखाने व खतकारखाना, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायन-उद्योग, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधील स्थापनेनंतर अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, रोहे, महाड, लोटे-परशुराम अशी कोकणपट्टीत पसरत गेलेली रसायनांची वसाहत, हा सारा प्रदेश संस्थेच्या निकट होता. ज्या रसायनांची नावे एका पिढीपूर्वी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेबाहेर कोणी ऐकली नव्हती, ती द्रव्ये पिंपांवारी हाताळणारे कामगार रत्नागिरीच्या आणि कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांतून येऊ लागले होते, आणि पिंपावरचा मजकूर त्यांना वाचता येत नव्हता.

प्रयोगशाळेचे काम

औद्योगिक आरोग्यविज्ञान विभागाची कार्यपद्धती बाहेरच्या वाचकास फारशी परिचित नसते, म्हणून ती थोडी तपशिलाने सांगणे अवश्य आहे. बॅटरीच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. पथकातील रसायनज्ञ कारखान्यात शिरल्याबरोबर यंत्रे बाहेर काढीत नाही. कच्चा माल कोणता, लेड ऑक्साइडची पोती कोठे फोडली जातात, लगदा जाळीवर कोण भरतो, सुकलेल्या प्लेटा कोण घासतो, जेवणाची सुटी कोठे घेतली जाते, हात धुण्यास पाणी आहे की नाही, हे तो आधी पाहतो आणि कामगारांना विचारतो, कारण यंत्राहून अगोदर कामगाराला ठाऊक असते की धूळ कोणत्या वेळी उडते. त्यानंतर कामगाराच्या कमरपट्ट्याला एक छोटा पंप बांधला जातो, आणि त्याची नळी खांद्यावरून घेऊन कॉलरपाशी, नाकापासून वीतभर अंतरावर, फिल्टर बसविलेली एक चपटी डबी अडकविली जाते. पंप मिनिटास सुमारे दोन लिटर हवा खेचतो. तो किती खेचतो याची परीक्षा काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर, अशी दोनदा, साबणाचा बुडबुडा काचनळीतून वर चढण्यास लागणाऱ्या वेळावरून केली जाते. या दोन परीक्षांचा मेळ बसला नाही, तर दिवसभराचा नमुना बाद ठरतो. कामगार वळेल तिकडे डबी वळते, तो वाकेल तेव्हा ती वाकते, आणि म्हणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्रापेक्षा तिची साक्ष अधिक विश्वसनीय असते.

प्रयोगशाळेत तो फिल्टर नत्राम्लात विरघळवून त्यातील शिशाचे वजन काढतात. पूर्वी डायथायझोन या द्रव्याशी शिशाचा संयोग झाल्यावर जो तांबडा रंग येतो त्याच्या गडदपणावरून हे वजन ठरवीत, नंतर अणुशोषण-वर्णपटमापक आला. समजा, एका कामगाराने दोन तास पोती फोडली आणि तेव्हा हवेत घनमीटरमागे ०·३० मिलिग्रॅम शिसे होते. चार तास लगदा भरला, तेव्हा ०·१० होते. आणि उरलेले दोन तास तो बांधणीच्या कामावर होता, तेव्हा ०·०५ होते. प्रत्येक प्रमाणाला त्या त्या तासांनी गुणून आठाने भागले असता सरासरी येते सुमारे ०·१४. कारखाने कायद्यातील मर्यादा ०·१५ होती. म्हणजे कागदोपत्री कारखाना निर्दोष ठरला. परंतु अनुभवी रसायनज्ञ येथे थांबत नाही. मर्यादेच्या इतक्या नजीक आलेली सरासरी दुसऱ्या दिवशी पंखा बंद राहिल्यास ओलांडली जाईल, आणि सारा दोष त्या दोन तासांत एकवटलेला आहे, हे तो अहवालात लिहितो. पोती फोडण्याच्या जागी बंदिस्त कक्ष आणि शोषक पंखा बसवावा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, आणि कामगारांच्या रक्तातील शिसे तपासावे, अशी शिफारस करतो. तोंडावरचा मास्क हा या शिफारशींच्या यादीत अगदी शेवटी येतो. आधी घातक द्रव्य बदलता येते काय ते पाहावे, नाही तर प्रक्रिया बंदिस्त करावी, नाही तर उगमापाशीच हवा शोषून घ्यावी, आणि हे सर्व करूनही जे उरेल त्यासाठीच मास्क द्यावा, हा या विद्येचा मूलभूत क्रम आहे. तो उलटा करून सारा भार कामगाराच्या नाकावर टाकण्याची प्रवृत्ती संस्थेच्या तज्ज्ञांना पुनःपुन्हा मोडून काढावी लागली आहे.

दुसरे उदाहरण क्रोमच्या मुलाम्याचे. क्रोमिक आम्लाच्या तापलेल्या हौदातून वीजप्रवाह सोडला म्हणजे हायड्रोजनचे बुडबुडे उसळतात आणि पृष्ठभागावर फुटताना आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितात. ते नाकात साठून दोन नाकपुड्यांमधील पडद्याला आधी व्रण आणि मग आरपार छिद्र पडते. आणि विशेष दुर्दैव असे की पुष्कळदा यात फारशी वेदना नसल्याने खुद्द कामगाराला त्याचा पत्ता नसतो. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांत धोकादायक प्रक्रियांच्या ज्या अनुसूची ११४ व्या नियमाखाली दिल्या आहेत, त्यांत या हौदाच्या कडेशीच हवा शोषून घेणारी व्यवस्था असावी आणि कामगारांचे हात व नाक ठराविक मुदतीने तपासले जावे, असे जे बंधन आहे, त्यामागे अशा असंख्य नाकांची तपासणी करून जमविलेला अनुभव आहे.

इंद्रियांवर विसंबणे किती घातक असते, हेही प्रयोगशाळेनेच शिकविले. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडचा दुर्गंध थोड्या प्रमाणात तीव्र असतो, पण प्रमाण वाढले की तो वायू घ्राणशक्तीच बधिर करतो आणि गटारात उतरलेल्या माणसाला वाटते की हवा शुद्ध झाली. बेंझीनचा गोडसर वास येऊ लागतो तो त्याचे प्रमाण आजच्या शास्त्रमान्य मर्यादेपलीकडे गेल्यावरच. “आम्हांला सवय झाली आहे” असे जुने कामगार म्हणतात तेव्हा ती सवय शरीराची नसते, नाकाची असते.

मर्यादेची कल्पना

हवेतील विषाला मर्यादा आखून देण्याची कल्पना जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस के. बी. लेमान यांच्या प्रयोगांतून पुढे आली. परंतु तिला सुसंगत रूप दिले ते अमेरिकेत १९३८ साली स्थापन झालेल्या शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने. त्या परिषदेने १९४६ साली १४८ द्रव्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि जगातील बहुतेक देशांनी कमीअधिक फरकाने तिचाच आधार घेतला. या यादीत बेंझीनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग अशी होती. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जसजसा स्पष्ट होत गेला तसतशी ती उतरत जाऊन १९९७ साली अर्ध्या भागावर आली. अर्धशतकात दोनशे पटींनी खाली आलेला हा आकडा पाहिला म्हणजे कोणतीही मर्यादा हे निसर्गाने आखलेले कुंपण नसून त्या त्या काळच्या ज्ञानाचा तो तात्पुरता निवाडा असतो, हे ध्यानात येते. जे कामगार पहिल्या मर्यादेच्या आत राहूनही आजारी पडले, त्यांच्याच रोगाच्या नोंदींनी पुढची मर्यादा ठरविली. म्हणून या आकड्यांकडे आदराने पाहावे, पण त्यांच्या आड कोणी लपू नये.

भोपाळ आणि त्यानंतर

१९८४ च्या डिसेंबरमधील २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि निद्रिस्त नगरावर मृत्यूचा लोट गेला. त्या घटनेने कारखान्याच्या कुंपणाच्या आतील हवा आणि बाहेरील हवा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे सत्य साऱ्या देशाला अत्यंत निर्दय रीतीने पटवून दिले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि १९८७ च्या २० व्या अधिनियमाने कारखाने कायद्यात ‘धोकादायक प्रक्रिया’ हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. या लेखाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम ४१-फ होय. कारण त्याने आणि त्याच्या सोबतच्या दुसऱ्या अनुसूचीने शंभराहून अधिक रसायनांच्या अनुज्ञेय मर्यादा प्रत्यक्ष कायद्याच्या अंगात घातल्या. आठ तासांची कालभारित सरासरी आणि पंधरा मिनिटांची अल्पकालीन मर्यादा, असे दोन स्तंभ त्यात होते : क्लोरीन दहा लाख भागांत सरासरी १ भाग आणि अल्पकाल ३ भाग, कार्बन मोनॉक्साइड ५० आणि ४००, आणि खुद्द मिथिल आयसोसायनेट ०·०२. तज्ज्ञ संस्थांकडून शास्त्रीय पुरावा प्राप्त झाल्यास केंद्र सरकारला राजपत्रातील अधिसूचनेद्वारे या अनुसूचीत फेरफार करता येईल, असेही त्याच कलमात म्हटले होते, आणि प्रयोगशाळेचे काम व कायदा यांच्यामधील पूल येथे बांधला गेला.

त्याच दुरुस्तीने भोगवटादारावर रसायनांची माहिती उघड करण्याचे बंधन घातले (४१-ब), धोक्याशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवून त्या खुद्द कामगारांना पाहू देण्याचे आणि बारा महिन्यांच्या आत फिरून वैद्यकीय तपासणी करण्याचे कर्तव्य लादले (४१-क), आणि संकट समोर दिसत असता त्याची सूचना देण्याचा हक्क कामगारास दिला (४१-ह). नव्याने आलेल्या या जबाबदारीस अनुसरून संस्थेत महादुर्घटना-धोका नियंत्रणाचा विभाग कार्यान्वित झाला, आणि १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांच्या अंमलबजावणीत राज्यांना साहाय्य करण्याचे काम त्याने अंगावर घेतले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी निर्णय देताना आरोग्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जतन करण्याचा आदेश दिला. रोग प्रकट होण्यास दशके लागतात, तेव्हा दप्तरही दशके टिकले पाहिजे, हा त्यामागील न्याय होय.

अध्यापनाचा वारसा

संस्थेचा सर्वांत दूरवर पोहोचलेला परिणाम तिच्या वर्गखोल्यांतून झाला आहे. सुरक्षा अधिकाऱ्यांसाठीची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका आणि कारखान्यांतील डॉक्टरांसाठीचा तीन महिन्यांचा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम, यांतून बाहेर पडलेले अधिकारी आज देशाच्या कानाकोपऱ्यांत काम करीत आहेत. पोटदुखी आणि हिरड्यांवरची निळसर रेषा ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णाला पित्ताचे औषध देऊन वाटेला न लावता “तू काम काय करतोस?” असा प्रश्न विचारणारा डॉक्टर हा या अभ्यासक्रमाचा खरा लाभ होय, कारण आपल्या वैद्यकीय शिक्षणात हा प्रश्न विचारण्याचा शिरस्ता फारसा नाही, आणि तो न विचारल्यामुळे व्यवसायजन्य रोगांच्या सरकारी नोंदी वस्तुस्थितीच्या मानाने नेहमीच अपुऱ्या राहत आल्या आहेत. संस्थेतील सुरक्षाविषयक संग्रहालयात यंत्रांची आवरणे, श्वसनरक्षक साधने यांची प्रत्यक्ष मांडणी आहे, आणि मास्क वगैरे साधनांची कसोटी घेणारी प्रयोगशाळाही याच आवारात काम करते.

उरलेले कार्य

स्मरणिकेत गौरवाबरोबर उणिवांची नोंद करणे हेही संस्थेवरील निष्ठेचेच लक्षण आहे. आपल्या कारखाने कायद्यात शिशाची मर्यादा ०·१५ मिलिग्रॅम राहिली, तर अमेरिकेच्या कायद्याने १९७८ सालीच ती ०·०५ वर आणली होती. अनुसूची शास्त्राच्या गतीने बदलण्याचा जो मार्ग १९८७ साली खुला झाला, त्यावरून आपण फार सावकाश चाललो. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार या मर्यादा राज्य सरकारांनी नियमांद्वारे विहित करावयाच्या आहेत. उद्योग आकर्षित करण्याच्या चढाओढीत एका राज्याची हवा दुसऱ्या राज्याहून अधिक विषारी असू देण्याची मुभा म्हणून या तरतुदीचा वापर होऊ नये, यासाठी समान शास्त्रीय आधार पुरविण्याचे काम आता या संस्थेवर पूर्वीपेक्षा अधिक येऊन पडले आहे.

दुसरी उणीव त्याहून मोठी. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा आणि विजेवाचून चालणाऱ्या कारखान्यात वीस कामगार असल्यास तो ‘कारखाना’ ठरे. नव्या संहितेत या संख्या वीस आणि चाळीस झाल्या आहेत. विष मात्र डोकी मोजून बाधत नाही. संस्थेच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या धारावीत चामड्याच्या वस्तू चिकटविणारे, प्लॅस्टिक वितळविणारे, कापड रंगविणारे जे लहान लहान गाळे आहेत, तेथे एकेका खोलीत पाच-सात माणसे द्रावकांच्या वाफेत काम करतात, तेथेच जेवतात आणि पुष्कळदा तेथेच निजतात. आठ तासांच्या सरासरीवर आधारलेले गणित त्यांना लागूच पडत नाही, कारण त्यांचा संपर्क दिवसाचे चोवीस तास चालू असतो. मोठ्या कारखान्यांत प्रस्थापित झालेली ही विद्या अशा गाळ्यांपर्यंत नेणे, स्वस्त व साधी मापनसाधने तयार करणे, आणि मराठी, हिंदी, तमिळ अशा कामगारांच्या भाषांत रसायनांची माहिती देणे, हे पुढील काळातील कार्य आहे.

या संस्थेने गेल्या साठ वर्षांत सिद्ध केले ते एवढेच, पण फार मोठे, की कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न हा दयेचा नसून मोजमापाचा आणि हक्काचा आहे. मोजमाप ज्या दप्तरात पडून राहते त्या दप्तराचा कामगाराला उपयोग नाही. तो आकडा त्याला कळला पाहिजे. म्हणून ही स्मरणिका हाती घेणाऱ्या कारखानदारांना, डॉक्टरांना, निरीक्षकांना आणि कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे : आपल्या कारखान्यातील हवेचा शेवटचा नमुना केव्हा घेतला गेला आणि त्याचा निष्कर्ष काय आला हे उद्याच विचारावे, नमुना घेतला गेला नसेल तर तो घेण्याची लेखी मागणी करावी, आणि जो निष्कर्ष येईल तो कामगारांच्या भाषेत, त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत, कारखान्याच्या फलकावर लावावा.